पोस्टरवरचे वावर

वाडीच्या नाक्यावर ट्रान्सपोर्टची गोदामे जिथे संपतात, तिथे फ्लेक्स छापणारी दोन-तीन दुकाने आहेत. एकेकाळी ग्रामपंचायत असलेली आमची वाडी आता नगर परिषद झाली आहे, आणि नगर परिषद म्हटली की वाढदिवसांचे फलक आलेच. अमरावती रस्त्यावरून रात्रंदिवस ट्रक धावत असतात, आणि त्यांच्या धुळीत कुणी ना कुणी भावी नगरसेवक हात जोडून उभा असतो. गेल्या हिवाळ्यात अशाच एका दुकानात मी तासभर बसून होतो. शेजारच्या घरातली मुलगी, नात्याने कुणी नाही पण मला आजोबा म्हणते, कृषी पदवीच्या शेवटच्या वर्षाला आहे. तिला एका संशोधन पोस्टर स्पर्धेसाठी चार फूट बाय तीन फुटांचे पोस्टर छापून घ्यायचे होते. स्पर्धेचा विषय होता 'विकासासाठी शेती'. यंत्रातून आधी एका नेत्याचा हसरा चेहरा बाहेर आला, मग तिचे संत्र्याचे झाड आले, आणि मग दुसऱ्या नेत्याचा चेहरा. दुकानदाराने तिन्ही फ्लेक्स एकावर एक पसरले. मुलीने आपले पोस्टर घाईघाईने ओढून घेतले, शाई ओली होती तरी.

तिने काय केले होते ते सांगतो. कळमेश्वर-काटोल पट्ट्यातल्या दोन गावांत जाऊन तिने संत्र्याच्या बागा पाहिल्या आणि प्रत्येक झाडाजवळ बसून एकच गोष्ट तपासली. कलमाचा जोड मातीच्या वर आहे की खाली? संत्र्याचे झाड म्हणजे दोन झाडे असतात, हे शहरातल्या वाचकाला कदाचित ठाऊक नसेल. खाली जंभेरीचा किंवा रंगपूर लिंबाचा खुंट आणि वर त्यावर बांधलेला संत्र्याचा डोळा. हा जोड जमिनीपासून वीतभर तरी वर राहिला पाहिजे, असे शास्त्र सांगते. तो मातीखाली गेला आणि वरून मोकाट पाणी दिले, की फायटोप्थोरा नावाच्या रोगाचे फावते. खोडातून डिंक पाझरू लागतो, मुळे सडतात, पाने पिवळी पडतात, आणि दहा-बारा वर्षांचे भर उत्पन्नातले झाड उभ्या उभ्या वाळते. आमच्याकडे त्याला डिंक्या म्हणतात. पोरीने शंभरावर झाडांच्या बुडाशी बसून पट्टीने मोजमाप केले. आकडे मी सांगत नाही, ते तिचे आहेत. पण पुष्कळ झाडांचे जोड तिला मातीत गाडलेले सापडले. 'शेतकरी कलमे फार खोल लावतात' असा निष्कर्ष तिने काढला होता आणि पोस्टरच्या उजव्या कोपऱ्यात तांबड्या चौकटीत टाकला होता. इंग्रजीत.

स्पर्धेला मीही गेलो. कुठली संस्था, ते सांगण्याचे कारण नाही. जिथे जिथे अशा स्पर्धा होतात तिथले दृश्य थोड्याफार फरकाने सारखेच असते. मोठे सभागृह, लोखंडी स्टँड, त्यावर टाचण्यांनी लावलेली पोस्टरे, आणि प्रत्येक पोस्टरपुढे इस्त्रीच्या कपड्यांत उभी असलेली, घशाला कोरड पडलेली मुले. परीक्षक दोन. एका पोस्टरपुढे तीन-चार मिनिटे. आमच्या मुलीला नमुन्यांची संख्या कशी ठरवली हे विचारले, कुठली सांख्यिकी चाचणी लावली हे विचारले, आलेखाच्या अक्षाला एकक का लिहिले नाही हेही विचारले. प्रश्न वाजवी होते, आणि तिने उत्तरेही बरी दिली. ज्यांच्या बागा मोजल्या त्यांना तू काय सांगितलेस, हे मात्र कुणी विचारले नाही. तिला उत्तेजनार्थ बक्षीस मिळाले. संध्याकाळी पाच वाजता पोस्टरे उतरली, नळीसारखी गुंडाळली गेली, आणि जो तो बसच्या दिशेने निघाला.

वाटेत मी तिला विचारले, "आता याचे काय करशील?"

"कपाटामागे ठेवीन, आजोबा. आधीची दोन आहेतच."

त्या उत्तराने मी दोन रात्री नीट झोपलो नाही. त्याचे कारण पुढे येईल.

या स्पर्धांची टिंगल करावी म्हणून मी हे लिहीत नाही, हे आधी स्पष्ट करतो. उलट, आमच्या वेळी असे काही असते तर बरे झाले असते. संशोधनाचे पोस्टर ही कल्पना सत्तरच्या दशकात युरोप-अमेरिकेतल्या विज्ञान परिषदांमध्ये रुळली. निबंध वाचणारे फार झाले आणि व्यासपीठ अपुरे पडू लागले, तेव्हा लोकांनी आपले काम भिंतीवर लावून त्याच्याजवळ उभे राहण्याची तोड निघाली. तीत एक लोकशाही आहे. व्यासपीठावरचा माणूस बोलतो आणि आपण ऐकतो, पोस्टरजवळच्या माणसाला मध्येच अडवून "हे कशावरून?" असे विचारता येते. आपल्या राज्यात राज्यपालांच्या पुढाकाराने २००६ पासून विद्यापीठांचा 'आविष्कार' महोत्सव भरतो, त्यात कृषी व पशुसंवर्धन असा स्वतंत्र गट आहे आणि पदवीच्या मुलांपासून संशोधकांपर्यंत सारे त्यात उतरतात. जानेवारी २०२३ मध्ये भारतीय विज्ञान काँग्रेसचे १०८ वे अधिवेशन आमच्या याच अमरावती रस्त्यावरच्या विद्यापीठ परिसरात झाले, तेव्हा मी दोन दिवस तिथे भटकलो. लांबलांबच्या राज्यांतून आलेली मुले-मुली आपापल्या कागदापुढे उभी राहून जी तळमळ दाखवत होती, ती पाहून माझ्यासारख्या हिशेबी माणसाचेही मन भरून आले होते.

'विकासासाठी शेती' हे शब्दही काही आकाशातून पडलेले नाहीत. जागतिक बँकेच्या २००८ सालच्या जागतिक विकास अहवालाचे तेच नाव होते. पंचवीस वर्षांनी त्या बँकेला शेतीवर अहवाल काढण्याची बुद्धी झाली होती. विकसनशील देशांतल्या दर चार गरिबांपैकी तीन खेड्यांत राहतात, आणि शेतीतून होणारी वाढ ही इतर क्षेत्रांतल्या वाढीपेक्षा गरिबी हटवायला किमान दुपटीने उपयोगी पडते, असे त्यात म्हटले होते. आमच्या विदर्भाला हे सांगायला वॉशिंग्टनची गरज नव्हती. त्याच्या आधीच, २००६ मध्ये, पंतप्रधान मनमोहनसिंग आत्महत्याग्रस्त भागात येऊन गेले होते आणि सहा जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटींचे पॅकेज जाहीर झाले होते. त्या पॅकेजची परिपत्रके मी माझ्या शाखेत स्वतः फायलीला लावली आहेत. पण ते जाऊ द्या.

भिंतीवरचे ज्ञान आणि वावरातला माणूस यांच्यात अंतर किती, हे मोजण्यासाठी वाडीसारखी जागा सापडणार नाही. याच अमरावती रस्त्यावर लिंबूवर्गीय फळांची केंद्रीय संशोधन संस्था आहे. १९८५ साली ती राष्ट्रीय संशोधन केंद्र म्हणून सुरू झाली आणि २०१४ मध्ये तिचा दर्जा वाढला. नागपुरी संत्र्याला भौगोलिक मानांकन मिळाले तेही २०१४ सालीच. याच रस्त्यावर राष्ट्रीय मृदा सर्वेक्षण व भूमी उपयोग नियोजन ब्युरो आहे, १९७६ पासून. म्हणजे साऱ्या देशाच्या मातीचा हिशेब ठेवणारे दप्तर आमच्या शेजारी! वर्धा रस्त्याला गेलात तर कापसाची केंद्रीय संस्था आहे, तीही १९७६ चीच. महाराजबागेला लागून १९०६ सालचे कृषी महाविद्यालय आहे. माती, संत्रा, कापूस या तिन्हींवरचे देशातले मोठे शहाणपण एका शहराच्या दोन रस्त्यांवर राहते, आणि त्याच रस्त्यांवरून पुढे पन्नास किलोमीटर गेले की वाळलेल्या संत्राबागांची सरपणासाठी तोड चाललेली दिसते. ब्युरोने नव्वदच्या दशकात महाराष्ट्राचे मृदा नकाशे केले, १:२,५०,००० या प्रमाणावर. काम अचाट आहे, त्यात शंका नाही. पण नकाशावरचा एक सेंटीमीटर म्हणजे जमिनीवरचे अडीच किलोमीटर. माझ्या कर्जदाराचे पाच एकर त्या नकाशावर अर्ध्या मिलिमीटरहून जरा जास्त भरले असते. टोकदार पेन्सिलीचा एक ठिपका. त्या ठिपक्यावर मी सही केली होती.

१९९१ मध्ये मी एका बँकेत शेती कर्जे पाहणारा अधिकारी होतो, काटोलकडच्या एका शाखेत. त्या वर्षी आम्हा पंधरा-वीस बँकवाल्यांना एका संस्थेत एक दिवसाच्या वर्गाला पाठवले गेले. पोस्टर हा शब्द तेव्हा नव्हता, तक्ता म्हणत. ड्रॉइंग शीटवर स्केचपेनने लिहिलेला तक्ता, वरखाली लाकडी पट्ट्या, भिंतीवर खिळ्याला टांगलेला. संत्र्याला कोणती जमीन चालते आणि कोणती चालत नाही, त्याचा. भारी काळी, पाणी न निचरणारी, चुनखडीचे प्रमाण जास्त असलेली जमीन वर्ज्य, असे त्यावर मोठ्या अक्षरांत होते. मी बँकेच्या डायरीत ते उतरवून घेतले. अक्षर त्या वेळी सुंदर होते माझे. जेवणात श्रीखंड होते, हेही त्याच पानावर लिहिलेले आहे.

१९९२ च्या मार्चमध्ये एक शेतकरी पाच एकर संत्र्यासाठी कर्ज मागायला आला. आजूबाजूच्या बागा तेव्हा पैसा देत होत्या. "सारेच लावून राह्यले साहेब, मी काहून मागं राहू?" असे त्याचे म्हणणे. मी पाहणीला गेलो. वावर काळेभोर होते. विहिरीतून काढलेल्या मातीचा ढीग बांधावर पडला होता आणि त्यात चुनखडीचे पांढरे खडे चमकत होते. पावसाळ्यात इथे पाणी साचत असणार, हे बांधाकडे बघूनच कळत होते. पण मार्च होता. शेती कर्जाचे उद्दिष्ट अपुरे होते, एकरी किती द्यायचे त्याचे दर ठरलेले होते, विहीर होती, सातबारा स्वच्छ होता. जमिनीचा प्रकार या रकान्यात मी 'मध्यम ते भारी' असे लिहिले. ते खोटे नव्हते. खरेही नव्हते. कारकुनी भाषेचे हेच तर वैभव आहे.

बदल्या होत होत १९९९ मध्ये मी त्याच शाखेत व्यवस्थापक म्हणून परतलो. तो मला भेटायला आला. थकबाकीची नोटीस त्याच्या हातात होती. झाडांनी सहाव्या वर्षी एक बहार बरा दिला, मग पिवळी पडली, मग डिंक. अर्धी बाग त्याने तोडली होती. नोटिशीबद्दल तो काहीच बोलला नाही. इकडचे तिकडचे झाल्यावर उठता उठता त्याने विचारले, "साहेब, लावाच्या आधी तुमाले हे माईत होतं काय? हे वावर संत्र्याचं नाही म्हून?"

मी नाही म्हणालो.

डायरी टेबलाच्या खणात होती, माझ्या गुडघ्यापासून हातभर अंतरावर. पुढे मी पाच कादंबऱ्या लिहिल्या आणि त्यांतल्या तीन बँकेत घडतात, पण हा प्रसंग मी कुठल्याच पात्राला दिला नाही. कपाटामागच्या पोस्टरांनी माझी झोप का उडवली, ते आता वाचकांच्या ध्यानात आले असेल.

म्हणून मी मुलीच्या मागे लागलो की, हे पोस्टर घेऊन त्या गावात चल. ती आधी हसली. मग म्हणाली की इंग्रजी आहे. मी म्हटले, मराठीत करू. आम्ही दोघांनी तीन संध्याकाळी बसून ते मराठीत केले, आणि तेव्हा एक गंमत कळली. इंग्रजीत जी चार वाक्ये भारदस्त दिसत होती, त्यांतली दोन मराठीत आणल्यावर उरलीच नाहीत. 'बहुआयामी व्यवस्थापन दृष्टिकोन अवलंबण्याची आवश्यकता' म्हणजे शेतकऱ्याने सोमवारी सकाळी उठून नेमके काय करायचे? तिला सांगता येईना, मलाही येईना. आम्ही ते वाक्य काढले आणि त्या जागी झाडाच्या बुडाचे चित्र टाकले. जोड कुठे असावा, खोडाला पाणी लागू नये म्हणून दोन आळी कशी करावी, बोर्डो मलम कुठपर्यंत लावावा. फ्लेक्सवाल्याने या खेपेला पैसे कमी घेतले. का, ते त्याने सांगितले नाही.

ग्रामपंचायतीच्या ओसरीत पोस्टर लावले. दहा-बारा लोक जमले, त्यांतले चार तर फ्लेक्स नंतर कुटारावर झाकायला मिळेल का हे विचारायलाच आले होते. मुलीने समजावून सांगितले. मग धोतरातले एक म्हातारे गृहस्थ पुढे झाले, तांबड्या चौकटीपुढे थांबले, आणि म्हणाले, "हे चूक हाय बाई. आमी खोल नाही लावत. लावतानी जोड वरच राह्यते. मंग दरसाली रोटाव्हेटर फिरते, माती बुडाशी चढते. पाण्यासंगंबी गाळ येते. धा वर्सात जोड गडप. तुम्ही आता येऊन पाह्यलं, तवा नाही पाह्यलं." आणि तिला हाताला धरून बाहेर नेले. रस्त्यापलीकडच्या बागेत त्यांनी फावड्याने एका झाडाच्या बुडाची माती बाजूला केली. खाली, वीतभर खोल, मूळ जमिनीची घट्ट पातळी वेगळी दिसत होती. वरची माती सैल होती, नंतर आलेली.

परीक्षकांनी चाचणी विचारली होती आणि चाचणी बिनचूक होती. चुकला होता तो निष्कर्ष, आणि तो चुकल्याचे दाखवू शकणारा माणूस सभागृहात नव्हता. हा फरक लहान नाही. 'खोल लावू नका' हा सल्ला नव्या बागवाल्याला. ज्याची बाग दहा वर्षांची आहे त्याला तो काय कामाचा? त्याला सांगायला हवे की बुडाजवळ रोटाव्हेटर नेऊ नका, चढलेली माती मोकळी करा, मोकाट पाणी बंद करा. मुलीने पेनाने तांबडी चौकट खोडली आणि वर नवे वाक्य लिहिले, तिथेच, सगळ्यांसमोर. स्पर्धेत बक्षीस घेताना तिचा चेहरा मी पाहिला होता. या वेळचा चेहरा अधिक चांगला होता.

तेव्हा माझे म्हणणे एवढेच आहे. ज्या गावातून माहिती गोळा केली त्या गावात पोस्टर आधी लागले पाहिजे, मराठीत लागले पाहिजे, आठ दिवस राहिले पाहिजे, आणि तिथे काय दुरुस्त्या झाल्या हे पोस्टरच्याच एका कोपऱ्यात लिहून मग ते स्पर्धेत आले पाहिजे. दुरुस्तीला गुण द्यावेत. परीक्षकांत एक शेतकरी असावा, आणि तो पुरस्कारप्राप्त, प्रगतिशील, फेटा बांधून फोटोत येणारा नसावा. ज्याची एक तरी बाग गेली आहे, असा असावा.

माझ्या ओळखीच्या एका प्राध्यापकांना हे ऐकवले, तर ते म्हणाले, पोस्टर हे शास्त्रज्ञांनी शास्त्रज्ञांसाठी असते, विस्तार हे वेगळे खाते आहे. हा मुद्दा मी उडवून लावणार नाही. सांख्यिकी समजणारा माणूस हवाच, इंग्रजीतून जगाशी बोलावे लागतेच, आणि आधीच परीक्षांनी पिचलेल्या मुलांच्या खिशात दोनदा एसटीचे भाडे नसते, हेही खरे. पण मग स्पर्धेला 'विकासासाठी' असे नाव देऊ नये. आणि विस्तार खात्यावर भिस्त ठेवून आपण काय मिळवले? ऐंशीच्या दशकात जागतिक बँकेच्या मदतीने प्रशिक्षण व भेट योजना आली. ठरलेल्या दिवशी, ठरलेल्या गावी, ठरलेला संदेश. संदेश वरून खाली जाई. खालून वर जायला त्यात कुठे जागा होती? २०१७ साली यवतमाळात फवारणीच्या विषाने वीसहून अधिक माणसे मेली. कीटकनाशकाच्या प्रत्येक डब्यावर रंगीत त्रिकोण असतो. लाल म्हणजे अत्यंत विषारी, मग पिवळा, निळा, हिरवा. तेही एक पोस्टरच आहे, कायद्याने सक्तीचे केलेले. त्याखालची अक्षरे वाचायला भिंग लागते, आणि ज्याने फवारायचे तो बहुधा रोजाने आलेला मजूर असतो. डबा त्याच्या हाती येतो तेव्हा औषध पंपात ओतून झालेले असते.

पंजाबराव देशमुखांची आठवण इथे येते. केंद्रात कृषिमंत्री असताना, १९५९ च्या डिसेंबरात, त्यांच्या पुढाकाराने दिल्लीत जागतिक कृषी प्रदर्शन भरले होते. अमेरिकेचे अध्यक्ष आयसेनहॉवर त्याला आले होते. ते भरवणारी संस्था होती भारत कृषक समाज, भाऊसाहेबांनीच उभी केलेली. मुख्य शब्द कृषक. प्रदर्शन शेतीचे होते, पण निमंत्रण शेतकऱ्याला होते.

ओसरीतले आमचे पोस्टर अजून तिथे आहे. एका बाजूची दोरी तुटली आहे आणि खालचा कोपरा कुणाच्या तरी बकरीने चावला आहे, असे सरपंचांनी फोनवर सांगितले. दुसऱ्या गावासाठी मुलीने नवी प्रत छापली आहे, त्या म्हाताऱ्या बाबांच्या दुरुस्तीसह. येत्या रविवारी जायचे आहे. वाडीहून सकाळची एसटी आहे. त्या गावाच्या पुढे आठ किलोमीटरवर माझ्या त्या कर्जदाराचे गाव लागते. पंचवीस वर्षांत मी तिकडे फिरकलेलो नाही. तो असला तर सत्तरीच्या पुढचा असेल. माळ्यावरून १९९१ ची डायरी मी काढून ठेवली आहे.

"ती कशाला, आजोबा?" मुलीने विचारले.

"एकाला एक पान दाखवायचे आहे," मी म्हटले.